तीन शिरांतली एक: हाताची धमनी उघडून ग्राफ्ट पोचवताना

सलाइन लावताना सिस्टरला सापडत नाही ती शीर. मान अवघडल्यावर दबते तीही शीर. आणि कापली तर भिंतीपर्यंत चिळकांडी उडते तिलाही पेशंट शीरच म्हणतो. नीला, नर्व्ह, धमनी, तिघींना नाव एकच. शिकत असताना आम्ही या शब्दाला हसायचो. पण दंडाच्या आतल्या बाजूला किंवा कॉलरबोनच्या खाली चीर घेतली की पेशंटचंच बरोबर वाटायला लागतं. तिथे या तिघी खरंच एका आवरणात, एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात आणि आपल्याला त्यांतली नेमकी एकच हवी असते, बाकी दोघींना न दुखवता.

मांडीतल्या दहा-वीस धमन्या उघडून झाल्यात आणि आता हाताची पहिल्यांदा उघडायची आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मांडीची जमली की हाताची जमतेच, असं मलाही वाटायचं. जमत नाही. मांडीत फीमोरल नर्व्ह बाजूला, वेगळ्या कप्प्यात असते. तिथे धमनी शोधताना चुकलात तर रक्त जातं. हातात चुकलात तर पेशंटचा अंगठा जातो.

आधी हे ठरवा: हात लागणार आहे का?

महाधमनीच्या फुग्यासाठी (भिंत कमकुवत होऊन आलेला फुगवटा) ग्राफ्ट, म्हणजे आतून बसवायची कापडी नळी, मुख्यतः मांडीतूनच वर जातो. १९९० मध्ये ब्यूनोस आयरेसला हुआन पारोदींनी पोटातल्या महाधमनीत पहिल्यांदा असा ग्राफ्ट बसवला तोही मांडीतूनच, आणि आजही बहुतेक केसेसमध्ये हाताला बोट लावायची गरज पडत नाही. हात लागतो तो फांद्या असलेल्या ग्राफ्टला. सीलियॅक (जठर-यकृताची), सुपीरियर मेसेंटेरिक (आतड्याची) आणि दोन्ही रीनल (किडनीच्या) धमन्यांसाठी ग्राफ्टला ज्या छोट्या फांद्या असतात त्यांची तोंडं बहुधा खाली, पायांकडे असतात. वरून आलेली वायर त्यांत सरळ घसरते. खालून गेलात तर प्रत्येक वेळी यू-टर्न मारावा लागतो. चिमनी पद्धतीने (मुख्य ग्राफ्टच्या बाजूने समांतर छोटी नळी बसवून) काम करायचं असेल तरी वरूनच यावं लागतं. मांडीच्या आणि कमरेच्या धमन्या अगदीच चोंदलेल्या असतील तर क्वचित छातीतला अख्खा ग्राफ्ट काखेतून सोडतात, पण ते शेवटचं शस्त्र.

आता टोक वळवता येणाऱ्या शीथ (धमनीत घालायची, सामान आत नेणारी नळी) मिळतात. त्यांनी मांडीतूनच यू-टर्न घेऊन बरीच कामं होतात. माझं मत विचाराल तर एकाच फांदीचा प्रश्न असेल तर मी आधी मांडीतून प्रयत्न करते. हातातून वर जाणारी प्रत्येक वस्तू मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या शेजारून जाते आणि पक्षाघाताची जोखीम तिथेच असते. चारही फांद्या जोडायच्या असतील तर मात्र हात उघडायला मी कचरत नाही. एक तास वाचतो, रेडिएशन वाचतं, आणि काम सरळ होतं.

बाजू डावी. डाव्या सबक्लेव्हियनमधून (महाधमनीतून हाताकडे येणाऱ्या धमनीतून) उतरलं की शीथला महाधमनीच्या कमानीवरून आडवं जावं लागत नाही. उजवीकडून गेलात तर कॅरॉटिडच्या (मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांच्या) तोंडांवरून सामान ओढत न्यावं लागतं. तरी डावी बाजू डोळे मिटून घेऊ नका. पेशंटची बायपास झाली असेल आणि डाव्या इंटर्नल मॅमरीवर (सबक्लेव्हियनमधून निघणाऱ्या छातीच्या धमनीवर) हृदयाची पुढची धमनी जगत असेल, तर सबक्लेव्हियनमध्ये जाड शीथ अडकवणं म्हणजे हृदयाचा रक्तपुरवठा रोखणं. डायलिसिसची फिस्टुला (धमनी-नीलेचा जोड), डाव्या कॉलरबोनखाली पेसमेकर, काखेतल्या गाठी काढल्यानंतरची हाताची सूज, यांपैकी काहीही असलं तरी थांबून विचार करा.

दोन्ही हातांचं बीपी स्वतः घ्या. वॉर्डातल्या कागदावर लिहिलेलं एका हाताचं असतं. डाव्या हाताचं वीस-पंचवीसने कमी असेल तर सबक्लेव्हियन अरुंद आहे असं धरून चाला आणि सीटी पुन्हा बघा. सीटीचीही एक गंमत आहे. कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) डाव्या हातातून दिलं तर डाव्या बाजूच्या नीलेत ते इतकं दाट असतं की शेजारच्या धमनीवर पांढऱ्या रेषांचा पाऊस पडतो, आणि आपल्याला जी सबक्लेव्हियन बघायची तीच दिसत नाही. रेडिओलॉजीला आधी फोन करून सुई उजवीकडे लावायला सांगा.

मोजमाप

फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग, हे सगळ्यांना पाठ असतं. विसरलं जातं ते हे, की शीथवर लिहिलेला आकडा आतल्या पोकळीचा असतो, बाहेरच्या जाडीचा नव्हे. ७ फ्रेंचची शीथ बाहेरून साधारण तीन मिलिमीटर भरते. १२ फ्रेंचची जवळजवळ पाच. दंडातली ब्रेकियल बहुतेकांत चार मिलिमीटरच्या आसपास असते, बारीक चणीच्या बायकांत तीनसुद्धा. आता हिशेब तुम्हीच करा. कॉलरबोनखालची अ‍ॅक्सिलरी सहा-सात मिलिमीटरची असते, तिला १२ फ्रेंच सोसते.

म्हणून माझा ठोकताळा असा: ७ फ्रेंचपर्यंत ब्रेकियल, दंडात जितकी वर मिळेल तितकी. त्याच्या वर अ‍ॅक्सिलरी. त्याहून मोठं काही न्यायचं असेल तर अ‍ॅक्सिलरीला ८ मिलिमीटरची डेक्रॉनची नळी बाजूने शिवायची आणि शीथ त्या नळीतून घालायची.

सोनोग्राफीची प्रोब आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातात घ्या. मापाखेरीज आणखी एक गोष्ट बघायची असते. धमनी एकच आहे की दोन? दहातल्या एखाद्या हातात रेडियल धमनी कोपराखाली न फुटता वर दंडातच, कधी काखेतच फुटून निघते. मी एकदा ही प्रोब फिरवली नव्हती. चीर घेतली, लगेच वरवर एक धमनी हाताला लागली, इतकी सहज की मी खूश झाले. अडीच मिलिमीटरची होती. स्पाझम असेल, म्हणजे धमनी आकसली असेल, म्हणून पापाव्हेरिन (धमनी सैल करणारं औषध) टाकून वाट बघत बसले. असिस्ट करणारे सर काही बोलले नाहीत, फक्त माझं बोट धरून अर्धा इंच खाली दाबलं. खाली दुसरी, जाड, जोरात धडधडणारी. वरची रेडियल होती. सहज मिळालेल्या बारीक धमनीवर तेव्हापासून मी विश्वास ठेवत नाही. मीडियन नर्व्ह (अंगठा-तर्जनीची नर्व्ह) तिच्या मागे दिसली तर तर मुळीच नाही.

आणखी एक काम आदल्या दिवशीचं. पेशंटला अंगठा आणि तर्जनी टेकवून गोल करायला सांगा. बोटं फाकवायला सांगा. मनगट वर उचलायला सांगा. कापसाने अंगठ्याचं, तर्जनीचं, करंगळीचं टोक तपासा आणि लिहून ठेवा. या वयातल्या कितीतरी लोकांना कार्पल टनेलमुळे आधीच मुंग्या येत असतात. ऑपरेशननंतर सापडलेलं बधिरपण जुनं की नवं, हे रात्री दोन वाजता ठरवायची वेळ येऊ नये.

टेबलावर

हात आर्म बोर्डवर, नव्वद अंशांच्या आत. खांदा त्याहून ताणला तर काहीही न कापता ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) दुखावतो, आणि ही ऑपरेशनं पाच-सहा तास चालतात. कॉलरबोनखालून जायचं असेल तर मी हात आणखी जवळ घेते, त्याने छातीचा स्नायू सैल पडतो. हात बोटांपर्यंत पूर्ण धुऊन मोकळा ठेवा, म्हणजे शेवटी नाडी कापडाखालून चाचपडावी लागत नाही. अ‍ॅनेस्थेशियावाल्यांना आधीच सांगा की आर्टेरियल लाइन (बीपी मोजायची धमनीतली नळी) दुसऱ्या हाताला. मात्र ऑक्सिमीटरची एक क्लिप याच हाताच्या बोटाला राहू द्या. पुढे तास-दोन तास जाड शीथ धमनीत असताना ती लाट आपल्याशी बोलत असते.

दंडातून

बायसेप्स आणि ट्रायसेप्सच्या मधली खाच बोटाने शोधा. काखेच्या घडीपासून खाली पाच-सहा सेंटिमीटरची चीर त्या खाचेवर. कातडी आणि चरबी संपली की लगेच कॉटरी (जाळून कापायचं विजेचं साधन) खाली ठेवा. इथून पुढे बायपोलर (फक्त चिमट्याच्या टोकांमध्ये जाळणारी) आणि कात्री. चरबीतच पुढच्या हाताच्या कातडीला जाणारी मीडियल क्यूटेनियस नर्व्ह असते, बेसिलिक नीलेच्या सोबतीने. दिसायला दोऱ्यासारखी. ही कापली तर हात चालतो, पण पेशंट जन्मभर सांगत राहतो की बाहीचं कापड टोचतं.

खोल आवरण बायसेप्सच्या काठाने उघडा आणि स्नायू वर उचलून धरा. आता समोर येते ती बहुतेक वेळा धमनी नसते. पांढुरकी, जाडजूड, आणि धडधडणारी. हो, धडधडणारी. धमनीला चिकटलेली नर्व्ह तिच्याबरोबर नाचते आणि नवख्या बोटाला फसवते. ओळखायची खूण अशी: बोटाने दाबा. धमनी दबते, चपटी होते, सोडली की भरते. नर्व्ह दबत नाही, सरकते. आणि नीट बघा, नर्व्हच्या पाठीवर एक केसासारखी रक्तवाहिनी लांबीने धावताना दिसते. धमनीच्या अंगावर तसली सरळ रेघ नसते, बारीक जाळी असते. डोळ्यांना भिंगं (लूप्स) लावून बघाल तर फरक एका नजरेत कळतो.

वरच्या दंडात मीडियन नर्व्ह धमनीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर ती धमनीवरून आडवी जाते, कोपरापाशी आतल्या बाजूला येते. म्हणजे चीर कुठे घेतलीत त्यावर शेजारीण कुठे बसलीय ते ठरतं. अल्नर नर्व्ह आत आणि मागे. मीडियनला धमनीपासून सोडवायचं ते तिला न पकडता: फोर्सेप्सने तिच्याभोवतीच्या सैल ऊतीला धरायचं, नर्व्हला नाही.

इथे माझी चूक सांगते. रेसिडेंट असताना एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दंडात मी मीडियन नर्व्हला लूप (मऊ रबरी दोरी) घातला आणि लूपच्या टोकाला आर्टरी फोर्सेप्स लटकावून दिला, मांडीत नीलेला लटकावतात तसा. फोर्सेप्सचं वजन ते किती! पण ते वजन चार तास एकाच जागी लोंबत होतं. बाईंच्या तर्जनीला सुई धरता येत नव्हती, कळतच नव्हती सुई. दोन महिन्यांनी संवेदना परत आली. तोवर दर पंधरवड्याला त्या येऊन माझ्यासमोर बसायच्या आणि मी त्यांची बोटं तपासायचे. आता नर्व्हला लूप घातला तर तो मोकळा सोडते, त्याला काही म्हणजे काही लावत नाही. सेल्फ-रिटेनिंग रिट्रॅक्टरचे (आपोआप जखम फाकवून ठेवणाऱ्या साधनाचे) दातही फक्त कातडी आणि स्नायूला. आत असिस्टंटच्या हातातला छोटा रिट्रॅक्टर, आणि दर थोड्या वेळाने त्याला सोडायला सांगायचं. असिस्टंट थकतो तेव्हा जास्त जोराने ओढतो, हे लक्षात ठेवा.

धमनीच्या दोन्ही अंगांना दोन नीला, आणि त्यांच्यामध्ये धमनीवरून जाणाऱ्या छोट्या आडव्या शिडीच्या पायऱ्या. या पायऱ्या एकेक करून बांधा, ओढून तोडू नका. धमनी तीन-चार सेंटिमीटर मोकळी झाली की वर आणि खाली सिलिकॉन लूप. मागून निघणारी प्रोफंडा (ब्रेकियलची खोल फांदी) शोधून तिलाही लूप घाला. ती आपली विम्याची पॉलिसी आहे. प्रोफंडाच्या खाली ब्रेकियल बंद पडली तर कोपराभोवतीच्या वाटांनी हात बहुधा तगतो. प्रोफंडाच्या वर बंद पडली तर परिस्थिती बरीच गंभीर.

हाताची धमनी रागीट असते. नुसतं हाताळलं तरी आकसते. पापाव्हेरिनचा बोळा दोन मिनिटं ठेवा आणि तोवर वायरची तयारी करा.

कॉलरबोनखालून

कॉलरबोनच्या दोन बोटं खाली, तिला समांतर, सात-आठ सेंटिमीटर. पेक्टोरॅलिस मेजर (छातीचा मोठा स्नायू) कापायचा नाही, त्याचे तंतू फाकवायचे. खाली क्लेव्हिपेक्टोरल फेशिया (पातळ आवरण), तो उघडला की चरबीची गादी, आणि गादीत बोट घातलं की नाडी. पेक्टोरॅलिस मायनर बाहेरच्या बाजूला आडवा येतो. तो बाजूला सरकला तर ठीक. नाही सरकला तर मी फार वेळ न घालवता कोरॅकॉइडजवळ (खांद्याच्या हाडाच्या टोकाजवळ) कापते.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर थोराकोअ‍ॅक्रोमियल धमनी शोधा. ती फेशियातून वर येते आणि तिचं मूळ थेट अ‍ॅक्सिलरीत असतं. तिला उलटं धरून खाली उतरत गेलात की मुक्कामी पोचता. वाटेत लॅटरल पेक्टोरल नर्व्ह आडवी येते, तेवढी जपा.

शेजार असा: नीला पुढे आणि खाली, धमनी तिच्या वर आणि खोलात, प्लेक्ससच्या दोऱ्या आणखी वर आणि बाहेर. नीलेला छोट्या फांद्या बांधून खाली ओढून घ्या. ही नीला पातळ असते, मोठी असते, आणि फाटली तर खड्डा क्षणात भरतो. अशा वेळी क्लॅम्प आंधळेपणाने टाकला तर तो नीलेवर बसेलच असं नाही, पण नर्व्हवर नक्की बसतो. बोटाने दाबा, सक्शन मागवा, आणि शांतपणे टाका घ्या.

अ‍ॅक्सिलरीची भिंत तिच्या मापाच्या मानाने नाजूक असते. फीमोरलवर जसा टाका खेचून गाठ मारता तसा इथे खेचलात तर ओल्या कागदासारखी चिरते. गाठ बसते तिथेच थांबायचं. शंका आली तर टाक्याखाली प्लेजेट (छोटं ठिगळ) घाला.

वायर ते शीथ

धमनी टोचायच्या आधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध). वजनाच्या किलोमागे १०० युनिट, आणि एसीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) २५० ते ३०० सेकंदांच्या वर. अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, कारण फांद्यांच्या कामात वेळेचं भान सुटतं. खाली पाय, वर हात, मध्ये किडन्या, सगळीकडे आपलं सामान पडलेलं असतं.

अ‍ॅक्सिलरीच्या पुढच्या भिंतीवर ५-० पॉलिप्रॉपिलीनचा पर्स-स्ट्रिंग (बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका) आधी घालून ठेवते. मग चिरेतून सरळ न टोचता खाली कातडीला एक वेगळं भोक पाडून सुई तिथून आणते. असं केलं की शीथ धमनीला जवळजवळ समांतर आडवी झोपते. उभी शीथ धमनीच्या भिंतीला कानासारखी उपटते.

वायर सी-आर्मखालीच (चालू एक्स-रेखालीच) पुढे. डाव्या सबक्लेव्हियनमधून निघालेल्या वायरला जात्याच हृदयाकडे जायची हौस असते, तिला खाली वळवायला गुंडाळ्या टोकाचा पिगटेल किंवा वाकड्या टोकाचा कॅथेटर लागतो. वाटेत व्हर्टिब्रल (मेंदूकडे जाणारी धमनी) आणि मॅमरीची तोंडं आहेत, म्हणून न बघता काहीही ढकलायचं नाही. उतरत्या महाधमनीत पोचल्यावर कडक वायर, मग डायलेटर (वाट रुंद करणाऱ्या नळ्या) एकेक पायरीने, मग शीथ. मोठ्या शीथचं टोक सबक्लेव्हियनच्या पलीकडे, उतरत्या महाधमनीत गेलं पाहिजे. टोक कमानीत अर्धवट राहिलं तर आतली ७ फ्रेंचची नव्वद सेंटिमीटरची लांब शीथ प्रत्येक धक्क्याला वर उडी मारते.

शीथ पुढे नेण्याआधी तिच्यातली हवा काढा. मग पुन्हा एकदा काढा. बाजूच्या नळीतून हेपरिनचं सलाइन थेंबथेंब चालू ठेवा. मांडीत हवेचा एक बुडबुडा पायात जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तो कुठे जाऊ शकतो हे सांगायला नको.

हातातून घातलेली वायर मांडीतून बाहेर काढून दोन्ही टोकं धरायची वेळ आली तर सबक्लेव्हियनच्या वळणावर ती उघडी ठेवू नका. ताणलेली उघडी वायर साबणाच्या वडीत दोरा जावा तशी भिंतीत जाते. तिच्यावर कॅथेटर हवाच.

काम चालू असताना मधूनमधून ऑक्सिमीटरकडे बघत राहा. जाड शीथने धमनी भरून टाकली की लाट सपाट होते, हे अपेक्षित आहे. पण किती वाजता सपाट झाली हे सिस्टरला फळ्यावर लिहायला सांगा. शेवटची फांदी जोडून झाली की मोठी शीथ लगेच काढा. बाकीचे फोटो पायातून काढता येतात.

बंद करताना

अ‍ॅक्सिलरीत शीथ बाहेर येताना पर्स-स्ट्रिंग आवळत जायचं, वायर मात्र आत ठेवायची. रक्त थांबलं याची खात्री झाली की मगच वायर काढायची. टाका फसला तर तीच वायर तुम्हाला परत आत नेते.

ब्रेकियल लहान असते, म्हणून तिथे मी आवळाआवळी करत नाही. दोन्हीकडे छोटे बुलडॉग (चिमट्यासारखे क्लॅम्प), भोकाच्या कडा कात्रीने आडव्या साफ, आणि ६-० चे सुटे टाके. आडवं भोक शिवल्याने धमनी अरुंद होत नाही. उभं फाटलं असेल तर सरळ शिवू नका, नीलेचा छोटा पॅच लावा. खालच्या काठावर सुई आतून बाहेर गेली पाहिजे, म्हणजे इंटिमा (धमनीचं आतलं अस्तर) टाक्यात अडकते. नाही अडकली तर रक्ताच्या लोंढ्याने तिची झडप होते आणि अर्ध्या तासाने नाडी जाते. शेवटची गाठ मारायच्या आधी खालचा बुलडॉग सोडा, मागून रक्त आलं? मग वरचा क्षणभर सोडा, जोरात धार आली? धुवा आणि गाठ मारा.

आता मनगटाला बोट लावा. नाडी नसेल तर ओटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्पाझम आहे, येईल." कधी येतेही. माझा नियम पाच मिनिटांचा आहे. पापाव्हेरिन, गरम सलाइनचा बोळा, आणि घड्याळाकडे बघायचं. पाच मिनिटांत नाडी किंवा डॉप्लरचा खणखणीत आवाज आला नाही तर टाके काढायचे, ३ फ्रेंचचा फोगार्टी (गुठळी ओढून काढणारा, टोकाला फुगा असलेला कॅथेटर) हलक्या हाताने खाली घालायचा, फुगवताना फुग्याला धमनीच्या भिंतीवर ओझं द्यायचं नाही, आणि एक अँजिओ काढायची. वॉर्डात जाऊन परत येण्यापेक्षा हे सोपं. काहींना प्रोटामिन (हेपरिनचा उतारा) द्यायची घाई असते. मी नाडी मिळेपर्यंत देत नाही.

जखम बंद करण्याआधी बीपी नेहमीच्या पातळीवर येऊ द्या आणि कोरडेपणा तेव्हा तपासा. नव्वदच्या बीपीला कोरडी दिसणारी जखम दीडशेला तशी राहत नाही. कॉलरबोनखाली मी एक बारीक ड्रेन ठेवते. दंडात सहसा नाही.

रात्र

दंडात धमनी आणि नर्व्ह ज्या आवरणात असतात ते आवरण ताठ असतं. त्यात थोडंसं रक्त साठलं तरी दाब वाढतो. धमनीतला दाब त्याहून जास्त असल्याने नाडी छान लागत राहते. नर्व्ह मात्र तोवर गुदमरलेली असते. बाहेरून सूजही फारशी दिसत नाही.

एका रात्री रेसिडेंटचा फोन आला. दंडातून केलेली केस, संध्याकाळी वॉर्डात गेलेली. "मॅडम, पल्स उत्तम आहे, हात गरम आहे, पण आजोबा म्हणतात अंगठा जाड झालाय." मी विचारलं, अंगठा आणि बोट टेकवून गोल करता येतो का? थोड्या वेळाने उत्तर आलं, गोल होत नाही, टोकं टेकत नाहीत, बोटं चपटी पडतात. मी त्याला सोनोग्राफी मागवू नकोस, ओटी मागव म्हणून सांगितलं. तासाभरात टाके उघडले. आत दोन चमचे रक्ताची गाठ होती, फक्त दोन चमचे. काढली, एक छोटी नीला ओघळत होती ती बांधली. आजोबांनी रिकव्हरीतच गोल करून दाखवला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तो गोल परत आला असता की नाही, मला सांगता येत नाही.

त्यामुळे पहिले बारा तास माझ्या ऑर्डरमध्ये नुसतं "नाडी बघा" नसतं. दर तासाला: मनगटाची नाडी, हाताचा गरमपणा, तीन बोटांच्या टोकांची संवेदना, गोल, फाकवणं, मनगट उचलणं. आणि एक ओळ खाली: दंडात किंवा बोटांत वाढत जाणारी कळ, मुंग्या, जाडपणा, यांपैकी काहीही झालं तर नाडी कितीही चांगली असली तरी फोन. पेनकिलर देऊन वाट बघायची नाही. पेशंटच्या नातेवाइकांनाही तो गोल शिकवून ठेवते. रात्री तीन वाजता ते पेशंटला झोपेतून उठवून गोल करायला लावतात, पेशंट वैतागतो, पण वॉर्डातल्या कुठल्याही मॉनिटरपेक्षा ते चोख काम करतात.

घरी जाताना हात वापरू द्या, फक्त दोन आठवडे त्याने वजन उचलायचं नाही आणि त्या हातावर भार देऊन पलंगावरून उठायचं नाही. टाके दहा-बारा दिवसांनी. महिन्याने दोन्ही हातांचं बीपी पुन्हा स्वतः घ्या आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच्या कागदाशेजारी ठेवून बघा.